बिल पेठेत, गाडी गोडाऊनला: रिमोट डेस्कटॉपवरच्या प्रिंटरशी माझे चार दिवस

संध्याकाळी पावणेसातला गोडाऊनवरून मामांचा फोन आला. "ताई, गाडी भरून हुबी हाय. बिल काय निघंना."

"प्रिंटर चालू आहे का?"

"हाय की. हिरवा दिवा बी हाय. कागद बी हाय."

मी पुढचा प्रश्न विचारणार तेवढ्यात माझ्या पाठीमागचा लेझर प्रिंटर घुरघुरला आणि त्यानं एक ए-फोर कागद बाहेर टाकला. मग दुसरा. मग तिसरा. उचलून बघते तर मामांचंच बिल. तोच माल, तेवढेच तागे, टेम्पोचा नंबरही तोच. मामांनी प्रिंटचं बटण अकरा वेळा दाबलं होतं, त्यामुळे अकरा प्रती पेढीत छापून तयार, आणि सहा किलोमीटरवर गोडाऊनला एकही नाही.

आमची कापडाची पेढी इचलकरंजीत पेठेत आहे, गोडाऊन गावाबाहेर. हिशेबाचं सॉफ्टवेअर पेढीतल्या सर्व्हरवर आहे आणि मामा रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे गोडाऊनला बसून पेढीतल्या कॉम्प्युटरवर काम करायच्या सोयीने, त्या सर्व्हरवर येऊन बिल करतात. मी तशी बी.कॉम. झालेली, अकाउंट्स बघणारी बाई. पण वायफायचा पासवर्ड एकदा फक्त मलाच आठवला, आणि त्या दिवसापासून कॉम्प्युटरचं खातंही माझ्याकडे आलं.

त्या दिवशी पोराला गाडीवरून तीन ए-फोर प्रती घेऊन पळवलं आणि टेम्पो सुटला. जीएसटीच्या नियमाप्रमाणे मालाचं बिल तीन प्रतींत लागतं: मूळ प्रत घेणाऱ्याला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी आपल्याकडे. म्हणून तर आमच्याकडे अजून चोवीस पिनांचा डॉट मॅट्रिक्स, म्हणजे पिना ठोकून छापणारा प्रिंटर आहे. तीन पदरी कागदावर एका ठोक्यात तिन्ही प्रती उमटतात. "लेझर घ्या की आता" असं सांगणाऱ्यांनी दिवसाला साठ बिलं तीन-तीनदा छापून, वेगळी करून, टाचून बघावीत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गोडाऊन गाठलं. आदल्या आठवड्यात तिथल्या जुन्या मशीनची हार्ड डिस्क गेली होती आणि विंडोज ११ चं नवं मशीन बसलं होतं. म्हणजे बिघाड कुठून सुरू झाला ते कळत होतं, कुठे आहे ते कळत नव्हतं.

पहिलं काम केलं ते रिमोटची खिडकी बंद करण्याचं. गोडाऊनच्या मशीनवरच नोटपॅड उघडून 'राम राम' टाइप केलं आणि प्रिंट दिली. खर्र खर्र करत आली. म्हणजे वायर, प्रिंटर, त्या मशीनवरचा ड्रायव्हर (विंडोजला त्या प्रिंटरशी बोलता यावं म्हणून घातलेलं सॉफ्टवेअर) हे सगळं ठीक. पाच मिनिटांचं हे काम आधी केलं नसतं तर मी दिवसभर यूएसबीची वायर काढत-घालत बसले असते, हे मला पक्कं माहीत आहे, कारण मागच्या वेळी मी तेच केलं होतं.

मग रिमोटमध्ये शिरून प्रिंटरची यादी बघितली. गोडाऊनचा प्रिंटर त्यात नव्हताच. हे सोपं निघालं. रिमोट डेस्कटॉपच्या खिडकीत जोडणी करण्याआधी 'शो ऑप्शन्स' दाबलं की 'लोकल रिसोर्सेस' नावाचा भाग दिसतो, त्यात 'प्रिंटर्स' पुढे खूण लागते. नवं मशीन बसवणाऱ्या पोरानं नवा आयकॉन केला होता आणि त्यात ती खूण नव्हती. खूण केली, पहिल्या भागात परत येऊन 'सेव्ह' केलं. सेव्ह विसरलं तर दुसऱ्या दिवशी आयकॉन पुन्हा पहिल्यासारखा. चालू जोडणीवर या खुणेचा काही परिणाम होत नाही, तोडून पुन्हा जोडावं लागतं.

आता यादीत प्रिंटर आला. एक नव्हे, चार आले. प्रत्येकाच्या नावापुढे 'रीडायरेक्टेड', म्हणजे समोरच्या मशीनवरून रिमोटमध्ये आणलेला, आणि एक आकडा. त्यात मालकांच्या घरचा इंकजेटसुद्धा होता.

आदल्या संध्याकाळचा सगळा घोळ इथे उलगडला. तो आकडा म्हणजे सेशनचा, एकाच्या साइन इनपासून साइन आउटपर्यंतच्या कामाचा, नंबर. मामा साइन आउट करून पुन्हा आले की नंबर बदलू शकतो, आणि नंबर बदलला की प्रिंटरचं नावही बदलतं. आमच्या सॉफ्टवेअरनं मात्र बिलासाठी 'रीडायरेक्टेड २' हे नाव पाठ करून ठेवलं होतं. त्या नावाचा प्रिंटर सापडेना, मामांच्या सेशनमध्ये दुसरा रीडायरेक्ट झालेला प्रिंटरही नव्हता, म्हणून त्यानं सर्व्हरचा स्वतःचा डिफॉल्ट प्रिंटर धरला. तो म्हणजे माझ्या पाठीमागचा लेझर.

आणि मामांना मालकांचा प्रिंटर का दिसावा? साध्या युजरला फक्त स्वतःच्या सेशनचे प्रिंटर दिसतात. सगळ्यांचे दिसतात ते अॅडमिनिस्ट्रेटरला. काही वर्षांपूर्वी एक सॉफ्टवेअर चालेना म्हणून वैतागून मी सगळ्यांनाच अॅडमिनिस्ट्रेटर करून टाकलं होतं. ती माझीच करणी. मामांनी कधी चुकून दुसरा प्रिंटर निवडला असता तर गिऱ्हाइकाचं बिल मालकिणीच्या स्वयंपाकघराशेजारी छापलं गेलं असतं.

तर त्या दिवशी एवढं केलं. मामांचे वाढीव अधिकार काढले. सॉफ्टवेअरमध्ये ठराविक नावाऐवजी 'डिफॉल्ट प्रिंटर' निवडला. सर्व्हरच्या ग्रुप पॉलिसीत (सगळ्यांना लागू होणारे विंडोजचे नियम जिथे ठरवतात तिथे) फक्त समोरच्या मशीनचा डिफॉल्ट प्रिंटर आणायची सोय आहे, ती चालू केली. आणि गोडाऊनच्या मशीनवर 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' बंद केलं. हे चालू असलं की विंडोज शेवटी वापरलेल्यालाच डिफॉल्ट करून टाकतं. कुणी एकदा पीडीएफ काढली की पुढचं बिल पीडीएफमध्ये.

बिल निघालं. मामा म्हणाले, "झालं बघा." मी चहा घेतला.

पण झालं नव्हतं. एका पानाच्या बिलाला दोन मिनिटं लागत होती. प्रिंटरचं डोकं एकाच ओळीवरून पुन्हा पुन्हा फिरत होतं, अक्षरं छापण्याऐवजी रांगोळीचे ठिपके घालावेत तसं. जुन्या मशीनवर हेच बिल वीसेक सेकंदांत यायचं. दुपारी तीन गाड्या एकदम लागल्या तर काय होणार, हे मामांनी तोंडानं सांगितलं नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं.

तिसरा दिवस या एका गोष्टीत गेला. रीडायरेक्टेड प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'अॅडव्हान्स्ड' या भागात ड्रायव्हरचं नाव दिसतं. तिथे आमच्या प्रिंटरचं नाव नव्हतंच, 'रिमोट डेस्कटॉप इझी प्रिंट' असं होतं. विंडोज सर्व्हर २००८ पासून आलेली ही सोय. त्याआधी समोरच्या प्रत्येक प्रिंटरचा ड्रायव्हर सर्व्हरवर घालावा लागायचा आणि एखादा खराब ड्रायव्हर सगळ्यांची छपाई बंद पाडायचा. इझी प्रिंट सर्व्हरवर पानाची एक्सपीएस (पीडीएफसारखी) प्रत तयार करतं, ती समोरच्या मशीनकडे पाठवतं आणि तिथला ड्रायव्हर ती छापतो. लेझरला, इंकजेटला उत्तम.

डॉट मॅट्रिक्सचं गणित वेगळं. त्याच्या पोटात स्वतःची अक्षरं असतात. 'क हे अक्षर छाप' असं सांगितलं की तो धाडकन छापतो (क म्हणजे अर्थात इंग्रजी, आमची बिलं इंग्रजीतच असतात). इझी प्रिंटमधून जाताना ती अक्षरं हरवतात, उरतं ते पानाचं चित्र. आणि चित्र काढायचं म्हटलं की बिचारा ठिपके ठोकत बसतो. प्रिंटच्या रांगेत बघितलं तर एका पानाच्या बिलाचा आकार मेगाबाइटमध्ये दिसत होता.

उपाय ग्रुप पॉलिसीतच होता. 'रिमोट डेस्कटॉप इझी प्रिंट ड्रायव्हर आधी वापरा' अशा अर्थाची एक पॉलिसी आहे. तिला हात लावला नसेल तर ती चालूच धरली जाते. ती 'डिसेबल्ड' केली की सर्व्हर आधी स्वतःकडे त्या प्रिंटरचा ड्रायव्हर शोधतो, नाही मिळाला तरच इझी प्रिंटकडे जातो. मी ती बंद केली, पॉलिसी ताजी केली, साइन आउट, साइन इन. पुन्हा रांगोळी.

ड्रायव्हर तर सर्व्हरवर होता, जुन्या मशीनच्या काळापासूनचा. मग? दोन्हीकडची नावं कागदावर एकाखाली एक लिहून काढली तेव्हा दिसलं. गोडाऊनच्या नव्या मशीनवरच्या नावाच्या शेवटी आवृत्तीचा आकडा होता, सर्व्हरवरच्या नावात तो नव्हता. प्रिंटर तोच, कंपनी तीच, पण नाव अक्षरन् अक्षर जुळल्याशिवाय सर्व्हर ओळख देत नाही. आपल्याकडे आधार आणि पॅनवरच्या नावात एक अक्षर इकडेतिकडे झालं की काय होतं, तसंच.

त्याच आवृत्तीचा ड्रायव्हर सर्व्हरवर घालायला घेतला तर त्यानं अॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागितला. हे २०२१ च्या 'प्रिंटनाइटमेअर' प्रकरणानंतरचं. प्रिंट स्पूलर म्हणजे छपाईची रांग सांभाळणारा विंडोजचा भाग, त्यातल्या सुरक्षेच्या भोकामुळे जगभर धावपळ झाली, स्पूलर बंद ठेवा असा तात्पुरता सल्ला मायक्रोसॉफ्टनेच दिला होता, आणि त्या ऑगस्टच्या अपडेटपासून साध्या युजरला प्रिंटरचा ड्रायव्हर टाकता येईनासा झाला. बरंच झालं म्हणायचं. आदल्या दिवशी मामांचे अधिकार काढले नसते तर तेही एखादा ड्रायव्हर टाकून मोकळे झाले असते.

या खटाटोपात माझी एक चाचणी प्रिंट अडकली, पुसली जाईना. मी सर्व्हरचा स्पूलर बंद केला, सिस्टम३२ मधल्या स्पूल फोल्डरच्या आत 'प्रिंटर्स' म्हणून फोल्डर आहे तो रिकामा केला आणि स्पूलर परत चालू केला. अडकलेलं गेलं. त्याबरोबर मालकांनी घरून दिलेलं बँकेचं स्टेटमेंटही गेलं, कारण सर्व्हरचा स्पूलर सगळ्यांचा एकच. मालकांचा फोन आला. तो इथे लिहीत नाही.

ड्रायव्हरचं नाव जुळलं आणि बिल पूर्वीसारखं धडाधड आलं. पहिलं बिल सुरेख. दुसऱ्याचं डोकं जरा वर. पाचव्या बिलाला पेढीचं नाव छिद्रांच्या रेघेच्या पलीकडे, आधीच्या कागदाच्या पायाशी.

हे मात्र मी बघता बघता ओळखलं, कारण पट्टीने मोजलं. दर बिलाला आठ मिलिमीटर. आमचा अखंड कागद १२ इंची, म्हणजे ३०५ मिलिमीटर. ए-फोरची उंची २९७. प्रिंटर प्रत्येक पान ए-फोर समजून तेवढाच कागद सरकवत होता आणि उरलेले आठ मिलिमीटर दर वेळी साठत होते. गोडाऊनच्या मशीनवर मी '१० बाय १२' चा फॉर्म, म्हणजे कागदाच्या मापाची नोंद, आदल्या दिवशीच करून ठेवला होता. इझी प्रिंट होतं तोवर तो फॉर्म चालत होता, कारण तेव्हा कागदाचे आकार समोरच्या मशीनवरून येत होते. आता ड्रायव्हर सर्व्हरचा, म्हणजे आकारही सर्व्हरचे. सर्व्हरच्या 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज' मध्ये जाऊन त्याच नावाचा, त्याच मापाचा फॉर्म केला. पंचवीस बिलं सलग काढली, एकही सरकलं नाही.

चौथ्या दिवशी मी पेढीतच होते. दुपारी मामांचा फोन. "ताई, अर्धंच बिल आलं." विचारलं, प्रिंट दिल्यावर काय केलंत? "काय न्हाई, त्ये पेढीचं बंद केलं आन् व्हॉट्सअॅप उघडलं." रिमोटची खिडकी फुली मारून बंद केली की ज्या वाटेने बिल येत असतं ती वाटच तुटते. खिडकी खाली घ्यायची, बंद करायची नाही, हे सांगितलं. त्यांनी ते प्रिंटरवर खडूनं लिहून ठेवलं आहे: "फुली मारू नये."

मग क्यूआर कोड. ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, लागतं आणि बिलावर क्यूआर येतो. मला धास्ती होती की अक्षरं वेगात छापायला गेले आणि क्यूआर हरवला तर सगळं मुसळ केरात. तसं झालं नाही. ड्रायव्हर प्रिंटरचाच असल्यानं अक्षरं अक्षरांसारखी जातात आणि तेवढा चौकोन चित्रासारखा. वरच्या कोपऱ्यात डोकं सातआठ फेऱ्या रेंगाळतं, मग खाली सुसाट सुटतं. मामांना तो आवाज पाठ झाला आहे.

परवा पुन्हा फोन आला. "ताई, गाडीवाला बिलावर मोबाईल मारतो न्हवं, त्येच्यात त्यो चौकोन घावंना झालाय." मी सर्व्हर उघडला, पॉलिसी बघितली, ड्रायव्हर बघितला, फॉर्म बघितला. सगळं जागच्या जागी. शेवटी म्हटलं, मामा, बिलाचा फोटो पाठवा.

फोटोत अक्षरं राखाडी दिसत होती. रिबन संपली होती.