पुसलेला शिक्का

आजोळच्या कपाटात फिरोजाबादचा एक नारिंगी ग्लास होता. उन्हात धरला की पाण्यावर तेल पसरल्यासारखे रंग त्याच्यावर फिरायचे. अंगावर इंग्रजीत ‘जैन’ अशी अक्षरं. ती कार्निव्हल काच होती, हे मला ओहायोत राहायला आल्यावर कळलं. तेव्हापासून मी ही काच जमवते, आणि बहुतेक नवीच, म्हणजे जुन्या साच्यांतून पुन्हा काढलेली.

यंदा कोलंबसहून गाडीने केंब्रिज, तिथून मॅरिएटा आणि नदीपलीकडचं विल्यम्सटाउन असं गेलो. केंब्रिजला मॉसरच्या कारखान्यात काम बघितलं. सळईवरून काचेचा तापलेला गोळा लोखंडी साच्यात उतरतो, कारागीर तो कात्रीने तोडतो, दट्ट्या खाली येतो आणि साचा उघडला की आत लालभडक वाडगा. कार्निव्हलसाठी अशाच गरम काचेवर धातूच्या क्षारांचा फवारा मारतात, म्हणून ती रंगांची साय धरते. मी तासभर हलले नाही. दुसरा दिवस पावसातच गेला.

तिसऱ्या दिवशी मॅरिएटाच्या अलीकडे जुन्या वस्तूंच्या एका दुकानात शिरलो. जांभळा वाडगा, ‘बटरफ्लाय अँड बेरी’ची नक्षी, चिठ्ठीवर ‘१९११ च्या सुमाराचा’, किंमत १४० डॉलर. उलटा करून तळावरून अंगठा फिरवला. गुळगुळीत काचेत नखाएवढा एक पट्टा खरखरीत आणि निस्तेज लागला. काहीतरी घासून काढलं होतं.

काय घासलं असेल ते लगेच लक्षात आलं. विल्यम्सटाउनच्या फेंटन कंपनीने १९७० मध्ये कार्निव्हल पुन्हा सुरू केली, तेव्हापासून काचेतच लंबगोलात ‘फेंटन’ उमटवायला लागले. पुढे त्यात ८० च्या दशकासाठी ८, ९० साठी ९ असे आकडे आले. त्यांच्या पहिल्या काळातल्या, १९०७-०८ पासूनच्या कार्निव्हलवर असा शिक्का नाही. म्हणजे शिक्का गेला की वाडगा एका दुपारीत साठ वर्षांनी म्हातारा होतो.

मला संताप आला. पाडव्याच्या साखरेच्या गाठी आजीच्या लाकडी साच्यातून दरवर्षी नव्या पडतात. त्यांना कुणी नकली म्हणत नाही, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या आहेत असंही कुणी सांगत नाही. फेंटनच्या कारागिरांनी आपलं नाव मुद्दाम काचेत ठेवलं होतं. त्या कारखान्यातलं काचकाम २०११ मध्ये थांबलं. आता ते नाव घासणं म्हणजे त्या माणसांनाच पुसणं.

दुकानदाराला मी हे सांगायला हवं होतं. तो म्हातारा होता, आम्हाला कॉफी विचारली होती, आणि घासणारा तोच असेल असंही नाही. मी वाडगा जागेवर ठेवला, आभार मानून बाहेर पडले. गाडीत नवरा म्हणाला, “बोलायला पाहिजे होतंस गं.” ते अजून सलतंय, कारण तो वाडगा उद्या कुणीतरी १४० डॉलर देऊन नेणार.

विल्यम्सटाउनला दुसऱ्या दुकानात तसलाच वाडगा मिळाला. लंबगोल शाबूत, आत ८, किंमत ३५ डॉलर. घरी आल्यावर कपाटातले सगळे नग खाली काढले. प्रत्येकाचा शिक्का, दशक आणि दिलेली किंमत कागदावर लिहिली आणि चिठ्ठी ज्याच्या त्याच्या पोटात ठेवली. माझ्यामागे लेकीने ते विकले, तर चिठ्ठीसकट विकावेत.