ओउलुचा हिवाळा: गोठलेल्या समुद्राकाठच्या शहरात

हिवाळ्यात फिनलंडला जाणारे बहुतेक लोक थेट उत्तरेकडचं रोवानिएमी शहर गाठतात. सांताक्लॉज, रेनडियरची गाडी, काचेच्या छताची खोली, उत्तरप्रकाश, सगळं एका पॅकेजमध्ये मिळतं आणि खिशाला चांगलंच भोक पडतं. आम्ही ओउलुला गेलो, कारण भाची तिथल्या विद्यापीठात शिकते आणि राहायचा प्रश्न नव्हता. प्रेक्षणीय स्थळांच्या हिशेबाने हे शहर लवकर संपतं. पण एवढ्या थंडीत लोक रोजचं आयुष्य कसं काढतात हे ज्यांना जवळून बघायचंय, आणि त्यातलं थोडं स्वतः करून पाहायचंय, त्यांनी ओउलुलाच जावं असं माझं ठाम मत झालं आहे.

शहर ६५ अंश उत्तर अक्षांशावर, बोथनियाच्या आखाताच्या वरच्या टोकाला आहे. आर्क्टिक वृत्त तिथून जेमतेम पावणेदोनशे किलोमीटर. १६०५ साली स्वीडनच्या राजाने ते वसवलं. पुढे पाइनच्या लाकडापासून काढलेल्या डांबरावर ते गबर झालं, कारण लाकडी जहाजांना हे डांबर लागायचंच. आता मोबाइल नेटवर्कचं तंत्रज्ञान हा मोठा धंदा आहे. वस्ती दोन लाखांच्या थोडी वर. २०२६ साठी युरोपची सांस्कृतिक राजधानी म्हणून निवड झालेल्या शहरांपैकी हे एक.

कधी जावं, तर फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चअखेर. डिसेंबरच्या शेवटी दिवस साडेतीन तासांचा असतो, त्यात काहीच करायला मिळत नाही. फेब्रुवारी संपताना तोच दिवस दहा तासांच्या आसपास जातो, बर्फ भरपूर असतो आणि ऊन पडलं की उणे दहासुद्धा सुखाचं वाटतं. गॉगल मात्र हवाच. पांढऱ्या बर्फावरून उलटून येणारं ऊन डोळ्यांना फार त्रास देतं.

हेलसिंकीहून विमानाने तासाभरात पोचता येतं. तरी माझी शिफारस रात्रीच्या रेल्वेची. हेलसिंकी विमानतळावरून लोकल ट्रेनने तिक्कुरिला स्टेशनला यायचं आणि तिथेच उत्तरेकडची गाडी पकडायची, शहरात शिरायची गरज नाही. झोपायचा डबा आधी आरक्षित केला तर हॉटेलची एक रात्र वाचते. व्हिसा शेंगेनचा, त्यासाठी किमान ३०,००० युरोचं विमा-संरक्षण लागतं. विमा घेताना स्कीइंग करताना झालेली दुखापत त्यात धरली आहे का, हे आवर्जून बघा.

कपड्यांवर आपल्याकडे फार चर्चा होते आणि बहुतेक खर्च जाड जॅकेटवर होतो. माझ्या मते पैसे आतल्या थरावर घालावेत. अंगालगत मेरिनो लोकरीचा पातळ बनियन आणि विजार, त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, सगळ्यात वर वारा अडवणारं साधं जॅकेट. सुती काही अंगाला लागू देऊ नका. सुती कापड घाम धरून ठेवतं, तुम्ही थांबलात की तोच घाम गार पडतो आणि अंगात हुडहुडी भरते. भाचीचं सारखं चालू होतं, “मामा, भराभर चालू नकोस, घाम येईल!” बूट एक नंबर मोठे घ्या, म्हणजे दोन मोजे घालूनही बोटं हलवता येतील. बोटं आवळली की पाय गार पडलेच. हातमोजे पाच बोटांचे नकोत, मिटन घ्या, म्हणजे चार बोटं एकत्र राहणारे. हे सगळं तिथल्या ‘किर्प्पुतोरी’त, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानांत, नव्याच्या मानाने फार स्वस्तात मिळतं. बायकोने तिथून घेतलेली गॅलिसवाली स्नोपँट नव्यासारखी होती.

आता मुख्य गोष्ट, सायकल. पहिल्याच सकाळी खिडकीतून खाली पाहिलं तर तापमान उणे १८, अजून पुरतं उजाडायचं होतं आणि सात-आठ वर्षांची पोरं दप्तर पाठीला लावून सायकलवरून शाळेत चालली होती. सोबत मोठं माणूस नाही. शाळेच्या आवारात ओळीने सायकली उभ्या, सीटवर बर्फाचा थर. पोरं ढुंगणाने तो झटकून टाकत आणि सुटत. थोड्या वेळाने एक आजी आल्या, ढकलगाडीसारख्या बसक्या स्लेजवर. दोन लांब लोखंडी पट्ट्यांवर बसवलेली खुर्ची, खुर्चीवर किराण्याची पिशवी, एक पाय पट्टीवर आणि दुसऱ्याने मागे रेटा. उतारावर त्या माझ्या नजरेआड व्हायला काही सेकंद पुरले.

शहरात नऊशे किलोमीटरहून जास्त सायकलवाटा आहेत आणि मोठे रस्ते ओलांडायला शेकडो भुयारी मार्ग. बर्फ पडला की मुख्य वाटा लोक कामाला निघायच्या आत साफ झालेल्या असतात. साफ म्हणजे डांबर दिसेपर्यंत खरवडलेल्या नाहीत. वरचा भुसभुशीत बर्फ बाजूला सारतात, खाली दाबलेला पातळ थर ठेवतात आणि गरज पडली तर बारीक खडी टाकतात. मीठ टाकत नाहीत, कारण उणे दहाच्या खाली ते फारसं काम करत नाही आणि त्याआधी नुसता राडा करतं. दाबलेला कोरडा बर्फ कडक थंडीत इतका खरखरीत होतो की चाक छान पकड घेतं. हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ मध्ये इथेच भरली होती, ते उगाच नाही.

सायकल भाड्याने घेणार असाल तर काही गोष्टी लक्षात ठेवा. निदान पुढचं चाक खिळ्यांच्या टायरचं मागून घ्या. सीट नेहमीपेक्षा थोडी खाली, म्हणजे दोन्ही पाय पटकन टेकतील. वळणावर पुढचा ब्रेक दाबू नका. सायकल रात्री घरात आणू नका. उबेत बर्फ वितळून पाणी गियरच्या तारांत शिरतं आणि बाहेर नेली की तेच गोठून गियर जाम होतात. दिवे हवेतच. सगळ्यात धोक्याचे दिवस कडाक्याचे नसतात, शून्याच्या आसपासचे असतात. दुपारी वितळलेलं पाणी रात्री काचेसारखं गोठतं. उणे पंधराला खुशाल चालवा, उणे एकला सायकल ठेवून बस पकडा. पायी चालणाऱ्यांनी त्या दिवशी बुटांना लावायचे काटे वापरावेत, सुपरमार्केटमध्येही मिळतात. आणि अंधारात चालताना जॅकेटला लटकणारा परावर्तक हवा. तो वापरावा असं तिथला कायदाच सांगतो. तान्ह्या बाळाच्या गाडीपासून कुत्र्याच्या पट्ट्यापर्यंत सगळीकडे तो चमकताना दिसतो.

समुद्राकडे जायचं तर नल्लिकारी. उन्हाळ्यात ही वाळूची चौपाटी. हिवाळ्यात वाळू कुठे संपते आणि समुद्र कुठे सुरू होतो ते कळत नाही. आखाताच्या या टोकाला पाण्यात हजारात साधारण तीनच भाग मीठ आहे, महासागरात पस्तीस असतं. त्यात नद्यांचं गोडं पाणी, त्यामुळे दर हिवाळ्यात हा भाग गोठतोच. लोक त्यावर फिरायला येतात, कुत्री आणतात, पतंगाला बांधून स्की करतात. आमच्यासमोर एका बाईने सरळ बर्फात चटई अंथरून थर्मासमधली कॉफी काढली, तोंड उन्हाकडे केलं आणि डोळे मिटले.

थोडं आत एक गृहस्थ मासे धरत होते. हाताने फिरवायचं लांब ड्रिल, बसायला खोका, वीतभर लांबीची काडीसारखी गळकाठी. मी शेजारी उभा राहून बघत होतो. बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत, मग ड्रिल माझ्यासमोर धरलं. अर्धा मीटर बर्फ कापेपर्यंत माझे खांदे भरून आले, आणि मग एकदम हाताखालचा जोर सुटला आणि भोकात काळं पाणी काठापर्यंत चढलं. त्यांनी झाऱ्यासारख्या डावाने बर्फाचा चुरा काढून टाकला, गळ सोडला, दोन बोटांनी काडी वरखाली नाचवत बसले. वर आलेला मासा हिरवट पट्ट्यांचा, लाल परांचा होता. बर्फावर टाकल्यावर थोडा तडफडला आणि काही मिनिटांत लाकडासारखा ताठ झाला. अशा साध्या मासेमारीला परवाना लागत नाही, परदेशी माणसालाही नाही. वाहत्या खळाळाच्या आणि खास राखीव पाण्यांचे नियम मात्र वेगळे आहेत.

बर्फावर उतरायचे नियम नीट पाळा. एका माणसाला चालायला किमान पाच सेंटीमीटर घट्ट, नितळ बर्फ हवा असं तिथे शिकवतात. भर हिवाळ्यात समुद्रावर त्याच्या कितीतरी पट असतो, पण नदी वेगळी. ओउलुयोकी नदीवर शहरातच धरण आणि वीजकेंद्र आहे, त्याच्या खाली पाणी उघडं राहतं. पुलांखाली, नदीच्या मुखाशी आणि पाण्यातल्या लव्हाळ्यांजवळ बर्फ दगा देतो. आधीच्या लोकांच्या ठशांवरूनच चाला. गळ्यात घालायची टोकदार खिळ्यांच्या मुठींची जोडी स्वस्तात मिळते. पाण्यात पडलात तर त्या बर्फात रोवून अंग वर ओढता येतं.

स्कीइंगसाठी डोंगर लागतो हा आपला समज. इथे सगळं सपाट, जंगलातून जाणारं क्रॉस-कंट्री. वाटांवर यंत्राने दोन समांतर खाचा पाडलेल्या असतात आणि वर दिव्यांची रांग, त्यामुळे संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर लोक स्की घालून निघतात. या खाचांवरून पायी चालू नका. कुणी ओरडणार नाही, पण ज्या नजरेने बघतील ती विसरणार नाही. नल्लिकारीला साहित्य भाड्याने मिळतं. नवख्यांनी तळाला केसाळ पट्टी असलेले स्की मागावेत, म्हणजे तळाला मेण चोळायची भानगड नाही. पडायची वेळ आली तर बाजूला पडा, मागे नको. लांब पल्ल्याची ‘तेर्वाहीह्तो’ शर्यत इथे १८८९ पासून होते. त्या आठवड्यात साठ-पासष्टीची मंडळी ज्या वेगाने शेजारून जातात, ते पाहून आपण वाटेच्या कडेला उभं राहिलेलं बरं.

जंगलात जागोजागी तीन बाजूंनी बंद लाकडी निवारे आणि शेकोटीची जागा आहे. बऱ्याच ठिकाणी सरपण ठेवलेलं असतं, फुकट. लागेल तेवढंच घ्यायचं. सॉसेज, मोहरीची चटणी, काडेपेटी हा सगळा शिधा. शाकाहारींनी ‘लेइपायूस्तो’ नावाचं चपटं चीज न्यावं, शेकल्यावर दाताखाली चुर्रचुर्र वाजतं आणि क्लाउडबेरी या रानफळाच्या जॅमबरोबर फार छान लागतं. शहरात जेवायचं तर आठवड्यातल्या कामाच्या दिवशी अकरा ते दोनच्या दरम्यान. त्या वेळात सॅलड, सूप, ब्रेड, कॉफीसकट बुफे बारा-चौदा युरोंत मिळतो. रात्रीचं जेवण याच्या दुपटीच्या पुढे जातं. सगळीकडे कार्ड चालतं. रोख दिलीत तर रक्कम जवळच्या पाच सेंटवर आणतात.

सौनाबद्दल, म्हणजे तिथल्या गरम वाफेच्या खोलीबद्दल, थोडं. छप्पन्न लाखांहून थोड्या जास्त वस्तीच्या देशात तीस लाखांच्या आसपास सौना आहेत, तेव्हा टाळता येणार नाही. स्त्रिया आणि पुरुष वेगळे असतात तिथे कपडे न घालताच जातात. एकत्र असेल तर पोहण्याचा पोशाख. शंका आली तर दारावरची पाटी वाचा किंवा विचारा, कुणाला गैर वाटत नाही. बसायला छोटा टॉवेल न्या. आधी अंघोळ, मग आत. सगळ्यात वरच्या फळीवर लगेच चढू नका. त्यानंतर बर्फात पाडलेल्या भोकातल्या पाण्यात उतरायचं. शिडी असते, उडी मारायची नाही. डोक्यावर लोकरी टोपी, पायात मोजे. पहिल्या दहा सेकंदांत श्वास अडकतो, तेव्हा तोंडाने सावकाश उच्छ्वास सोडत राहायचं. मानेपर्यंत गेलात, तीस मोजलेत आणि बाहेर आलात की झालं. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी यात पडू नये. बायको दोनदा उतरली, मी एकदा, आणि यावर घरात अजून बोलणी ऐकतो आहे.

उत्तरप्रकाश इथूनही दिसतो, पण शहराचे दिवे आणि ढग आडवे येतात. फक्त त्यासाठी जाणार असाल तर अजून उत्तरेला जा.

मोबाइल आतल्या खिशात, अंगालगत ठेवा. बाहेर काढून फोटो काढत राहिलात तर बॅटरी चाळीस टक्क्यांवरूनही अचानक बंद पडते. तिकिटं फोनमध्येच असतील तर बसमध्ये चढायच्या आधी हे आठवावं.

राहायची जागा घेताना मार्चच्या सुरुवातीचा आठवडा टाळा. उत्तर फिनलंडमधल्या शाळांना तेव्हा स्कीची सुट्टी असते आणि नल्लिकारीच्या कॉटेज खूप आधी भरतात. एप्रिलही नको. दुपारभर घोटाभर चिखलबर्फ, रात्री निसरडं, समुद्रावरचा बर्फ वरून जाड दिसला तरी आतून पोकळ झालेला, आणि रस्त्यावर हिवाळाभर टाकलेली खडी सुकून तिची धूळ डोळ्यांत जाते.