लाल विटांच्या आतलं लाकूड: डोअर काउंटीतली बेल्जियन घरं

अमेरिकेतलं ग्रीन बे शहर सोडून ५७ नंबरच्या हायवेनं ईशान्येला निघालं की विस्कॉन्सिनच्या डोअर काउंटीत ब्रसेल्स, नामूर अशी गावं लागतात. बहुतेक गाड्या पुढच्या किनाऱ्यांकडे पळतात. आम्ही इथंच थांबलो, घरं बघायला.

१८५३ पासून बेल्जियमच्या वालून भागातले शेतकरी या टापूत जंगल तोडून वसले. सरकारी मोजणीनं जमिनीचे चौकोन पाडलेले होते: मैलभर बाजूचा, ६४० एकरांचा सेक्शन आणि त्याचे ४०-४० एकरांचे तुकडे. अशा आखणीत घरं एकमेकांपासून लांब पडतात. इथं मात्र ती रस्त्याला धरून, एकमेकांच्या जवळ दिसतात.

पहिली घरं ओंडक्यांची. ८ ऑक्टोबर १८७१ च्या वणव्यात त्यांतली बहुतेक जळाली. हायवेवरच्या टॉर्नेडो मेमोरियल पार्कच्या जागी तेव्हा विल्यमसनविल ही लाकडी कौलं कापणाऱ्या गिरणीची वस्ती होती. तीही त्याच रात्री गेली. पुढं लाल विटांची घरं उठली. त्रिकोणी दर्शनी भिंतीत, पोटमाळ्याच्या उंचीवर, गोल खिडकी दिसली की घर बेल्जियन समजावं.

पण लाल दिसणारं प्रत्येक घर आतून विटांचं नसतं. काही ठिकाणी ओंडक्यांच्या भिंतीला बाहेरून विटांचा थर लावलेला आहे. खिडकीची चौकट किती आत बसली आहे ते बघा. लाकूड आणि वीट मिळून भिंत जाड होते. अशा भिंतीच्या दर्जा, म्हणजे विटांमधल्या फटी, कडक सिमेंटनं भरल्या की नुकसान ठरलेलं. जुनी वीट मऊ असते. ओल दर्जांतून बाहेर पडू शकत नाही, थंडीत विटेतच गोठते आणि विटेचे पापुद्रे सुटतात. चुनाच हवा.

खरा ठेवा घरामागं आहे: उन्हाळी स्वयंपाकघर. उकाड्यात राहत्या घरात चूल पेटू नये म्हणून ते वेगळं बांधत. पावाच्या भट्टीचं तोंड आत, घुमट मागच्या भिंतीबाहेर, त्यावर स्वतंत्र छप्पर. भट्टीच्या पोटातच लाकडं जाळायची, निखारे ओढून काढायचे आणि तापलेल्या दगडविटांवर पाव लावायचा. छप्पर गळलं की आधी घुमट ढासळतो, म्हणून शाबूत भट्ट्या थोड्या उरल्यात.

नामूरचा परिसर १९९० पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. तिथल्या जुन्या चर्चमधलं बेल्जियन हेरिटेज सेंटर आधी बघावं. घरं खासगी आहेत. रस्त्यावरूनच पाहावीत, भट्टीसाठी मागं जायचं तर विचारून.