बोगद्यात हरवलेला तास

मी अमेरिकेत एका अभिलेखागारात काम करते. जुने रेल्वेचे कागद साफ करायचे, स्कॅन करायचे आणि त्यातली माहिती संगणकात भरायची, हे माझं काम. त्या हिवाळ्यात माझ्या टेबलावर मिलवॉकी रोडची खोकी होती. शिकागोहून मोंटाना आणि आयडाहोचे डोंगर ओलांडून सिएटल-टॅकोमाला जाणारी ही रेल्वे आता अस्तित्वात नाही. कंपनीचं दिवाळं डिसेंबर १९७७ मध्ये निघालं आणि मार्च १९८० मध्ये पश्चिमेकडच्या डोंगरी मार्गावरच्या गाड्या कायमच्या थांबल्या. रूळ उखडले गेले. उरले ते हे कागद.

त्या खोक्यात डिस्पॅचरची गाडीपत्रकं होती. डिस्पॅचर म्हणजे आपल्याकडचा सेक्शन कंट्रोलर, कुठली गाडी कुठे थांबवायची आणि कुठली आधी सोडायची हे ऑफिसात बसून ठरवणारा. चादरीएवढा कागद, मधोमध वरून खाली स्टेशनांची नावं, डावीकडे पश्चिमेला जाणाऱ्या गाड्या, उजवीकडे पूर्वेला जाणाऱ्या. वरच्या रकान्यांत इंजिनाचा क्रमांक, डबे, माणसांची नावं. बहुतेक पत्रकांचा तारखेचा कोपरा फाटलेला होता, तरी काळ कळत होता. त्यांत दिसणाऱ्या २६१ आणि २६२ या जलद मालगाड्या १९६३ मध्ये सुरू झाल्या. शिकागो ते सिएटल साडेपंचावन्न तासांत. इंजिनाच्या क्रमांकात ‘ई’ असेल तर ते विजेचं इंजिन, आणि डोंगरातली वीज जून १९७४ मध्ये बंद झाली. त्यामुळे पत्रकं या दोन सालांच्या मधली होती.

अडचण एका बोगद्यापाशी आली. मोंटाना आणि आयडाहोच्या सीमेवर बिटररूट डोंगराच्या पोटात सेंट पॉल पासचा बोगदा आहे. लांबी ८,७७१ फूट, म्हणजे पावणेतीन किलोमीटरच्या जरा आत. पूर्वेच्या तोंडाला ईस्ट पोर्टल, पश्चिमेच्या तोंडाला रोलँड. राज्यांची सीमा डोंगराच्या माथ्यावरून, म्हणजे बोगद्याच्या वरून जाते. मोंटाना माउंटन वेळेवर चालतं, आयडाहोचा तो उत्तरेचा भाग पॅसिफिक वेळेवर, एक तास मागे. म्हणून आमच्या संगणकात मी नियम घातला होता: स्टेशन आयडाहोत असेल तर नोंदीत एक तास मिळवायचा, म्हणजे सगळ्या वेळा एका मापाने येतील.

नियम घातल्यापासून पश्चिमेला जाणारी प्रत्येक गाडी बोगद्यात तासाहून जास्त अडकायला लागली. उलट दिशेला त्याहून विचित्र. पूर्वेला जाणारी गाडी रोलँडला आत शिरायच्या पाऊण तास आधीच ईस्ट पोर्टलला बाहेर येत होती! संगणक लाल खूण करत होता आणि मी प्रत्येक लाल खुणेपुढे शेरा लिहीत होते: ‘बोगद्याच्या पश्चिमेच्या नोंदीत लेखनिकाची चूक’. असा शेरा ४३ पत्रकांवर पडला होता.

त्या दिवशी दुपारी डबा खाताना बाबांचा व्हिडिओ कॉल आला. आमच्याकडे दुपारचे बारा, नगरला रात्रीचे साडेअकरा. बाबा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण रात्रपाळीची सवय सुटलेली नाही. सोलापूरच्या कंट्रोल ऑफिसात त्यांनी आयुष्य काढलं, त्यातली कितीतरी वर्षं दौंड-मनमाडच्या एकेरी मार्गावर. मी सहज सांगितलं की इथला एक माणूस रोज तासाने चुकतो.

“रोज?” बाबा म्हणाले. “एकच माणूस?”

“माणसं वेगळी असतील, बाबा. पण चूक तीच.”

“मग ती चूक नाही. अगं, माणूस चुकला तर कधी पाच मिनिटांनी चुकेल, कधी आकडा उलटा लिहील. रोज बरोबर एकाच तासाने कोण चुकेल? आणि त्या आकड्यावर समोरची गाडी सोडायची असते. तू आधी चार्ट ओढ.”

लहानपणी मी तो चार्ट पाहिला होता. आडवा वेळ, उभी स्टेशनं, प्रत्येक गाडीची तिरकी रेघ. गाडी धावते तेव्हा रेघ उतरते किंवा चढते, उभी असते तेव्हा सपाट राहते, आणि दोन रेघा जिथे छेदतात तिथे क्रॉसिंग, म्हणजे एक गाडी थांबून समोरची पुढे जाते ती जागा. अमेरिकेच्या पत्रकात नुसते आकडे असतात, रेघ नसते. मी आलेखाच्या कागदावर स्टेशनं मांडली: ईस्ट पोर्टल, रोलँड, अडेर, फाल्कन, एव्हरी. एका पत्रकावरच्या दोन गाड्या माझ्या सुधारलेल्या वेळांनी ओढल्या आणि कॅमेऱ्यासमोर धरल्या.

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “या गाडीची रेघ मागे वळलीय. असं कंट्रोलर ओढूच शकत नाही, त्याचा हातच जाणार नाही. हा कागद एकाच माणसाने भरलाय ना?”

“एका पाळीत एकच डिस्पॅचर.”

“मग त्याच्या टेबलावर घड्याळ किती?”

मी पेन्सिल खाली ठेवली.

एकच घड्याळ. पत्रक एका विभागाचं, माणूस एक, घड्याळ एक. आयडाहोतल्या स्टेशनानेही वेळ कळवायची ती त्याच घड्याळाची. मी शेजारच्या खोक्यातून कर्मचाऱ्यांचं वेळापत्रक काढलं. रॉकी माउंटन विभाग एव्हरीपर्यंत, तिथपर्यंत माउंटन वेळ. एव्हरीच्या पुढे दुसरा विभाग आणि पॅसिफिक वेळ. सरकारने वेळ डोंगरमाथ्यावर बदलली होती, रेल्वेने ती डोंगर उतरून, इंजिनं आणि माणसं जिथे बदलायची त्या गावी बदलली. रेल्वेचं तेच बरोबर होतं. बोगद्याच्या आत कोणी घड्याळाचे काटे फिरवायचे? मी नकाशा पाहून नियम घातला होता, गाडी कशी चालते ते पाहून नाही.

बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांना मुंबई आठवली. मुंबईची स्वतःची वेळ होती, भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, आणि ती १९५५ पर्यंत टिकली. त्यांच्या वडिलांच्या तोंडी ‘रेल्वे टाइम’ आणि ‘बॉम्बे टाइम’ हे दोन्ही शब्द असायचे. मी त्यांना सांगितलं की अमेरिकेत वेळेचे पट्टे पाडले तेच मुळी रेल्वे कंपन्यांनी, १८ नोव्हेंबर १८८३ रोजी. सरकारने त्याचा कायदा केला तो थेट १९१८ मध्ये. मी मात्र ३५ वर्षांनंतरच्या सरकारी नकाशाने रेल्वेच्या कागदाला चूक ठरवत होते.

जेवणाची सुट्टी संपली होती, पण आमच्या प्रमुखांना सगळं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, बस तू. मी तीच दोन गाड्यांची रेघ नव्याने ओढली, कागदावर जशा वेळा होत्या तशाच. बोगदा दहा मिनिटांत सुटला. फाल्कनला एक रेघ सपाट झाली, दुसरी तिच्यावरून तिरकी गेली. मागे वळलेलं काही नाही, तुटलेलं काही नाही.

“एव्हरी सुटल्यावर रेघ आडवी पडतेय,” बाबा म्हणाले. “तिथून चढ आहे का गं?”

होता. रोलँडपर्यंत सलग, १.७ टक्के, म्हणजे साधारण ५९ला १, ५९ फूट पुढे गेलं की एक फूट वर. बाबांनी ते गाव ऐकलेलंही नव्हतं.

“आमच्या कर्जत-लोणावळ्याला ३७ला १ आहे, पण मालगाडीला हाही कमी नाही. वीज होती म्हणतेस ना?”

मग मी त्यांना त्या इंजिनांची गोष्ट सांगितली. जनरल इलेक्ट्रिकने सोव्हिएत रशियासाठी २० इंजिनं बनवली, शीतयुद्धामुळे ती तिकडे गेलीच नाहीत. त्यातली १२ मिलवॉकी रोडने घेतली आणि ती याच घाटात धावली. स्टालिनच्या नावावरून कर्मचारी त्यांना ‘लिटल जो’ म्हणत. बाबांनी दोनदा विचारलं, किती व्होल्ट. ३०००, डीसी. आपल्या घाटात १५०० होतं, ते म्हणाले, आणि काही वेळ त्या आकड्याकडेच बघत राहिले.

नगरला रात्रीचे दोन वाजत आले होते. आई मागून हाक मारत होती. मी संगणकातला नियम बदलला आणि एकेक पत्रक उघडून शेरा पुसायला बसले. बाबा फोन ठेवायला तयार नव्हते.

“तो चार्ट पुन्हा धर बघू. फाल्कनला उभी राहिली ती कुठली?”

“पूर्वेची. २६२.”

“किती वेळ?”

“नऊ मिनिटं.”

“फक्त नऊ,” बाबा म्हणाले. “एकेरी मार्गावर, डोंगरात, चढावर, नऊ मिनिटांत क्रॉसिंग काढलं त्याने. नाव लिहिलंय का गं त्याचं कुठे?”

नाव फाटलेल्या कोपऱ्यात गेलं होतं.