पाचवं काडतूस

मंगळवार, रात्रीचे पावणेबारा

"मामा, हा अगदी तुझ्यासारखा आहे." एवढं बोलून ओंकारने शेंगदाण्यांच्या वाटीत हात घातला. हा म्हणजे 'फ्लाइट ऑफ द फिनिक्स'मधला एलियट, वाळवंटात कोसळलेल्या विमानाच्या तुकड्यांतून नवं विमान बांधायला लावणारा. तोही २००४ सालचा, रिमेकमधला. रंग उडवलेले केस, डोळ्यांवर चष्मा, समोर माणूस बोलत असला तरी लक्ष यंत्रात. १९६५ च्या मूळ चित्रपटात हेच काम करणाऱ्या, हार्डी क्रूगरच्या डॉर्फमानसारखा म्हणाला असता, तर उद्या सकाळी मिसळ खिलवली असती. पण एलियट?

रिमेक टाकाऊ आहे असं नाही. विमान कोसळतं तो प्रसंग नव्यात जास्त अंगावर येतो, हे कबूल. सहाराच्या जागी गोबी (वाळू मात्र नामिबियातली), सी-८२ या मालवाहू विमानाच्या जागी सी-११९. हे आपल्या हवाई दलात पूर्वी होतं ते 'पॅकेट', १९६२ साली स्क्वाड्रन लीडर राजे यांनी लडाखमध्ये दौलत बेग ओल्डीला सोळा हजार फुटांवर उतरवलं ते हेच, आणि पुढे आपल्याकडे त्याच्या पाठीवर ऑर्फियस जेट इंजिनही बसवलं होतं, असं मी ओंकारला सांगितलं. तो "हं" म्हणाला. 'तुझ्यासारखा' हे त्याला बहुधा तेव्हाच सुचलं असावं.

जुना १४२ मिनिटांचा, नवा ११३. कापलं काय, तर ताटकळणं. जुन्यात हिशेब पहिल्यापासून डोक्यावर बसतो. पाणी दहा ते पंधरा दिवसांचं, तेही अंगमेहनत केली नाही तर. खायला खजूर हवा तेवढा. (पाण्याशिवाय नुसता खजूर खाऊन बघावा कुणी.) म्हणून काम रात्री. दोन शेपटांच्या विमानाचं मधलं धड टाकून द्यायचं, एक शेपूट त्याच्या इंजिनासकट ठेवायचं, दोन्ही पंखांचे बाहेरचे तुकडे आणून त्याला जोडायचे. पंख हलवायचा म्हणजे टेकू, दोर, तोल, आणि खाली कुणाची तरी मान. नव्यात या कामाचा मोठा भाग 'हे या' गाण्यावर नाचत उरकतो. ओंकारची मान डुलत होती. माझीही थोडी डुलली.

शिवाय नव्यात घोड्यांवरचे तस्कर. विमान वाळूवरून घसरत निघालंय आणि मागून गोळ्या. जुन्यातही बाहेरची माणसं आहेत, पण ती रात्रीतून निघून जातात आणि मागे राहतात दोन मृतदेह आणि एक लंगडा उंट. मग एकच प्रश्न उरतो, इंजिन लागेल का.

ते काडतुसांचं. कॉफमन स्टार्टर इंजिन फिरवतो तो बॅटरीच्या जोरावर नाही. बंदुकीच्या कोऱ्या काडतुसासारखं काडतूस कोंबायचं, आतली दारू पेटते, तिच्या वायूने स्टार्टरचा दट्ट्या सरकतो आणि इंजिन फिरतं. एका काडतुसात मोजून काही फेरे. तेवढ्यात पेटलं तर पेटलं. शिल्लक सात. चार जातात. पंखा अडखळत फिरतो, धूर येतो, थांबतो. आता सिलिंडरांत न जळलेलं पेट्रोल साचलंय, ठिणगी पडली तरी मिश्रण पेटणार नाही. म्हणून वैमानिक इग्निशन बंद करतो आणि पाचवं काडतूस नुसतं आतलं साफ करायला उडवतो. डॉर्फमान किंचाळतो, कारण त्याच्या हिशेबात ही उधळपट्टी आहे. उरली दोन. आणि सहाव्याला इंजिन लागतं.

हिशेब डॉर्फमानचा, हात वैमानिक झालेल्या जेम्स स्ट्युअर्टचा. स्ट्युअर्टने दुसऱ्या महायुद्धात खरी बॉम्बर विमानं उडवली होती. लिव्हरवर ठेवलेला हात बघितला की कळतं.

पण विषय एलियटचा चालला होता.

दोघेही विमानांचे आराखडे करतात म्हणून सगळे त्यांचं ऐकतात, आणि दोघेही करतात ती मॉडेलं, हे फार उशिरा कळतं. डॉर्फमानला इतरांच्या चेहऱ्यावरची भीती समजतच नाही. त्याचं म्हणणं चूकही नाही. मोठ्या विमानात चूक सावरायला वैमानिक असतो. हातातून सुटलेल्या मॉडेलला कुणी नसतं, ते मुळातच स्थिर असावं लागतं. पंख दोन्ही टोकांना थोडे वर उचललेले, सीजी, म्हणजे गुरुत्वमध्य, पंखाच्या रुंदीच्या पुढून पाव ते तिसऱ्या हिश्श्यात. मागे सरकला की नाक वर करून स्टॉल, म्हणजे पंखांची उचल संपून खाली, पुढे गेला की सरळ जमिनीत. नव्या विमानाच्या पंखांवर वाचलेली माणसं पालथी झोपवायची तर दोन्ही बाजूंना वजन सारखं हवंच, पण एखादा जाडजूड गडी हातभर मागे सरकला तर शेपूट जड. हे पन्नास ग्रॅमच्या बाल्सा लाकडाच्या मॉडेलवर बोटं कापून घेतलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

डॉर्फमान पाणी चोरतो. पकडल्यावर शांतपणे कबूल करतो, मी जास्त काम केलं म्हणून. राग येतो, पण माणूस कळतो. एलियट जखमी तस्कराला गोळी घालतो. म्हणजे नव्यावाल्यांना वाटलं, आकड्यांत रमणारा माणूस थंड असतो, तेव्हा त्याच्या हातात पिस्तूल शोभेल. आणि ओंकारला त्यात मी दिसलो. इतकी वर्षं पोराला डिंक कसा वाळू द्यायचा ते शिकवलं, त्याचं हे फळ. असो.

जुन्यात उडतं ते खरं उडतं. चित्रपटासाठी बनवलेल्या त्या विमानातच ८ जुलै १९६५ ला स्टंट वैमानिक पॉल मँट्झ गेला. वाळूला टेकून पुन्हा उचलताना विमान मोडलं. त्याबद्दल आज लिहवत नाही.

आता नीट आठवतोय तर पिस्तुलाच्या प्रसंगाला अजून अवकाश होता. ओंकार बोलला तेव्हा एलियट काय करत होता? दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढत होता. आणि मी? मी रिमोट हातात घेऊन चित्रपट तिसऱ्यांदा थांबवला होता, सी-८२ आणि सी-११९ च्या नाकातला फरक दाखवायला.

बरं. पोराची नजर तयार आहे म्हणायची.

टेबलावरच्या ग्लायडरचं शेपूट अजून जड आहे. पंखाखाली दोन बोटं धरली की मागे कलतंय. नाकात मटाराएवढं शिसं बसवलं की जमेल. रविवारी सकाळी साडेसहाला मैदानावर, वारा सुटायच्या आत, असं ओंकारला कळवलं. लगेच उत्तर आलं, येतो, पण पाण्याची बाटली माझ्याकडे राहील.