इसार न दिलेला सौदा : डॅलसहून नागपूरकरांसाठी

डॅलस परिसरात राहायला आल्यापासून माझ्या एक गोष्ट लक्षात आली आहे, की इथली माणसे हरलेला सामना आठवडाभरात विसरतात, परंतु हातचा खेळाडू कसा गेला यावर वर्षानुवर्षे वाद घालतात. बास्केटबॉलपटू जेलन ब्रन्सन २०२२ च्या उन्हाळ्यात एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगमधला इथला संघ डॅलस मॅव्हरिक्स सोडून न्यूयॉर्क निक्सकडे गेला, आणि त्यात चूक कोणाची, यावरून आमच्या कचेरीत जेवणाच्या वेळी आजही दोन तट पडतात. नागपुरात शिवाजीनगर जिमखान्याच्या मैदानावर खेळणारा माझा भाचा फोनवर हमखास विचारतो, ‘मामा, एवढा चांगला खेळाडू त्यांनी जाऊच कसा दिला?’ आपल्याकडे पोहोचणाऱ्या बातमीत केवळ रक्कम असते, म्हणून हे प्रकरण मुळापासून सांगतो.

लीगचे संघ दरवर्षी नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात; त्यात ब्रन्सनची निवड २०१८ मध्ये दुसऱ्या फेरीत, ३३ व्या क्रमांकावर झाली. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा पहिला करार संपला, की दुसऱ्या संघाने देऊ केलेल्या रकमेची बरोबरी करून त्याला ठेवून घेण्याचा हक्क सहसा मूळ संघाकडे राहतो. ब्रन्सनला मात्र चार वर्षांचा करार देण्यात आला होता आणि तो संपताच हा गडी पूर्णपणे मोकळा होणार होता. त्याआधीच करार वाढवायचा, तर लीगच्या नियमानुसार त्याला देता येणारी कमाल रक्कम चार वर्षांसाठी सुमारे ५ कोटी ५५ लाख डॉलर एवढीच होती. म्हणजे संघासाठी हा भाव स्वस्त होता आणि तो मिळण्याला मुदतही होती.

वादाचा गाभा इथेच आहे. ब्रन्सनच्या बाजूचे म्हणणे असे, की २०२१-२२ च्या हंगामाच्या आधी आणि पुन्हा हंगामाच्या मध्यावर तो या रकमेवर सही करायला तयार होता, पण संघाने ती देऊ केली नाही. खेळाडूंच्या अदलाबदलीत त्याचा उपयोग करण्याची मोकळीक संघाला हवी होती, असे त्या काळच्या बातम्यांतून पुढे आले. संघाचे तेव्हाचे मालक मार्क क्यूबन यांना हे मान्य नाही. ब्रन्सनचे वडील मध्ये पडल्यावर बोलणी बिघडली आणि बरोबरी करण्यासाठी आकडा आपल्याला कधी सांगितलाच गेला नाही, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. बंद दाराआडच्या बोलण्याला तिसरा साक्षीदार नसतो, त्यामुळे दोन्ही बाजू आपापली हकिगत ठामपणे सांगत राहतात.

दरम्यान भाव वाढला. २०२२ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, डॅलसचा प्रमुख खेळाडू लुका डॉन्सिच जखमी होऊन युटा संघाविरुद्धच्या पहिल्या तीन सामन्यांना मुकला, तेव्हा ब्रन्सनने दुसऱ्या सामन्यात ४१ गुण काढले आणि पुढे संघ वेस्टर्न कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगच्या पश्चिम गटाच्या, अंतिम फेरीपर्यंत गेला. त्या उन्हाळ्यात निक्सने त्याला चार वर्षांसाठी १० कोटी ४० लाख डॉलर दिले. त्याचे वडील रिक ब्रन्सन त्याआधीच निक्सचे सहायक प्रशिक्षक झाले होते, आणि निक्सचे अध्यक्ष लिऑन रोझ हे पूर्वीचे एजंट असून रिक हे त्यांचे जुने अशील होते. परवानगीच्या तारखेआधीच बोलणी सुरू केल्याचे चौकशीत आढळल्याने लीगने निक्सचा २०२५ चा दुसऱ्या फेरीतील निवडीचा हक्क काढून घेतला. एवढ्या मोठ्या खेळाडूच्या बदल्यात ही शिक्षा नाममात्र होती, हा इथल्या चाहत्यांचा राग मला रास्त वाटतो.

तरीही मूळ दोष मी डॅलसच्या व्यवस्थापनाकडेच देईन. काटोल-नरखेडकडे संत्र्याचा बगीचा झाडावरच विकला जातो, तेव्हा बहार पाहून मनात भाव धरणारा पण इसार न देणारा व्यापारी नंतर ‘हा बगीचा माझाच होता’ असे म्हणू शकत नाही. गावात त्याचे कोणी ऐकूनही घेणार नाही. वडिलांनी काय केले, रोझ यांनी काय केले, हे प्रश्न खरे आहेत, परंतु ते सौदा करण्याची वेळ टळून गेल्यानंतरचे आहेत.

अशी जखम या भागात नवी नाही. आमच्यापासून गाडीने तीन-साडेतीन तासांवर असलेल्या ओक्लाहोमा सिटीच्या संघाने २०१२ ची अंतिम फेरी गाठली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांचा खेळाडू जेम्स हार्डन याच्याशी करार वाढवण्याची बोलणी फिसकटली. देऊ केलेली रक्कम चार वर्षांसाठी सुमारे साडेपाच कोटी डॉलर होती आणि कमाल रक्कम सुमारे सहा कोटी; तेवढ्या अंतरावर मुदत संपण्याच्या काही दिवस आधी त्याला ह्यूस्टनच्या संघाला देऊन टाकण्यात आले, जिथे तो २०१८ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तिथले लोक हा फरक अजून तोंडपाठ सांगतात.

ब्रन्सनला पैशाचा लोभी म्हणणाऱ्यांशी मात्र मी नेहमी वाद घालतो. जुलै २०२४ मध्ये करार वाढवता येण्याच्या पहिल्याच दिवशी त्याने निक्सशी चार वर्षांसाठी १५ कोटी ६५ लाखांवर होकार दिला, तेही आणखी एक वर्ष थांबला असता तर पाच वर्षांच्या करारात सुमारे ११ कोटी ३० लाख अधिक मिळू शकत असताना, केवळ इतर चांगले खेळाडू ठेवायला संघाकडे पगाराच्या मर्यादेत जागा राहावी म्हणून. वडील त्याच संघात असल्याने हे त्याला सोपे गेले, असे माझा एक सहकारी म्हणतो आणि त्यात तथ्य असेलही. पण जो माणूस वेळेवर समोर आलेला कागद एवढी रक्कम सोडूनही स्वीकारतो, त्याने २०२१ मध्ये डॅलसचा ५ कोटी ५५ लाखांचा कागदही स्वीकारला असता, यावर माझा विश्वास बसतो.