"सर, ह्यात ओत कुठंय?"

सातवीच्या वर्गासाठी पत्र्याच्या मोठ्या ट्रेमध्ये मी सांगली मांडली होती. काळी माती, कडेनं कृष्णेचं पात्र, पुठ्ठ्याचा आयर्विन पूल. पुलाशेजारी आइस्क्रीमची काडी खोचून तिच्यावर 40, 45 आणि 57 अशा खुणा केल्या. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका आणि 57 म्हणजे ऑगस्ट 2019 चा पूर. हे मला शिकवावं लागलं नाही. पावसाळ्यात आमच्याकडं चहाच्या आधी "आयर्विनला किती झालं?" हे विचारलं जातं. त्या पुरात ही पोरं बालवाडीत नाहीतर पहिलीत होती. कुणी नावेतनं बाहेर पडलेलं, कुणी मिरजेला मामाकडं राहिलेलं.

काडेपेटीची घरं कुठं ठेवायची ते मुलांनीच ठरवायचं होतं. नदीकाठाला राहणारी एक मुलगी पेटी हातात धरून बराच वेळ उभी होती. मग तिनं कंपासमधलं खोडरबर काढलं, मातीवर ठेवलं आणि त्याच्यावर घर ठेवलं. "सर, पप्पांनी जोतं वाढवलंय." मी तांब्यानं नदी भरत गेलो. 45 ला खोडरबर भिजलं, 57 ला पेटी तरंगायला लागली. तिनं ती उचलली, ओढणीला पुसली आणि शेजारणीकडं दुसरं खोडरबर मागितलं. मला बोलायला काही सुचलं नाही.

मग नदी उपसून पाऊस पाडायचा होता. आदल्या दिवशी मी रॉटरडॅमच्या बेंथेमप्लाइन चौकाचा फोटो दाखवला होता. 2013 साली तो मुद्दाम खोलगट बांधला. कोरड्या दिवशी मुलं तिथं बास्केटबॉल खेळतात, जोराचा पाऊस आला की तोच चौक हौद होतो आणि नंतर पाणी सावकाश सोडून देतो. मुलांनी सांगलीतल्या सखल शामरावनगरच्या जागी चमच्यानं तसाच खड्डा केला. झारीनं पाणी घातलं. खड्डा भरला आणि भरलेलाच राहिला. आमची काळी माती भिजली की फुगते, भेगा मिटतात, मग पाणी खाली उतरत नाही. फोटोतला चौक आमच्या मातीत नुसता खड्डा झाला होता.

"सर, हे गाव चुकलंय," एक मुलगा म्हणाला. "ह्यात ओत कुठंय?"

ओत म्हणजे पावसाचं पाणी नदीकडं नेणारी सखल वाट. त्याच्या आजोबांनी त्याला घरामागचा ओत दाखवला होता, आता तिथं प्लॉट पडलेत. मी गाव नकाशावरून केलं होतं आणि त्या नकाशात ओत नव्हताच. पोरानं करंगळीनं माती खरवडत खड्ड्यापासून नदीपर्यंत वाट काढली. पाणी जरा अडलं, मग काळपट धार लागली. अशी आरोळी उठली की शेजारच्या वर्गातल्या बाई बाहेर आल्या.

खोडरबरवाली मात्र ओरडली नाही. "पण नदीच 57 वर असली तर? ओतातनं पाणी उलटं आत येईल की."

बरोबर होतं. ओत आपला पाऊस वाहून नेतो, नदीच्या पुराला जागाच मोकळी सोडावी लागते. म्हणून तर निळी पूररेषा असते. साधारण 25 वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो तिथली ती रेषा, तिच्या आत बांधायचं नाही, असं मी सांगितलं. "आणि ज्यांनी आधीच बांधलंय त्यांनी?" ती म्हणाली. तिला पटेल असं उत्तर माझ्याकडं नव्हतं आणि मी तसं सांगितलं.

शनिवारी शाळा सुटल्यावर तो ओत बघायला गेलो. रस्त्याखालची मोरी सापडली, तोंडाशी प्लॅस्टिक आणि राडारोडा. मुलगा गुडघ्यावर बसून आत डोकावला. "पलीकडचं काही दिसत न्हाई."

सोमवारी वर्गानं मोरी साफ करण्यासाठी अर्ज लिहिला. सगळा तास एकाच शब्दावर भांडण झालं, नाला लिहायचं की ओत. शेवटी ओत लिहिलं आणि खाली सगळ्यांनी सह्या केल्या.